पराभवाच्या भांडवलावर संघ उभा राहत नाही

२०२३ सालच्या ३१ डिसेंबरची पहाट आपल्याकडे उजाडत असताना अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहरी अद्याप ३० तारखेची रात्र चालू होती, आणि तेथील भव्य क्रीडागारात जमलेल्या हजारो प्रेक्षकांनी बास्केटबॉलच्या एका साध्या साखळी सामन्याच्या अखेरीस जो जयघोष केला, तो एखाद्या परस्थ माणसाच्या कानी पडला असता तर या नगरीने आज अजिंक्यपदच पटकावले अशी त्याची समजूत झाली असती. प्रत्यक्षात घडले होते ते एवढेच, की 'डेट्रॉईट पिस्टन्स' या संघाने टोरांटोच्या संघाला १२९ विरुद्ध १२७ अशा अवघ्या दोन गुणांनी हरविले होते. आणि तेही अशा दिवशी, की ज्या दिवशी टोरांटोने आपला एक मोहरा न्यूयॉर्कच्या हवाली केला होता आणि त्याच्या बदल्यात मिळालेले खेळाडू अजून दाखल व्हावयाचे होते. तरीही त्या जयघोषात अतिशयोक्ती होती असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या २८ तारखेनंतर त्या रात्रीपर्यंत हा संघ एकदाही जिंकला नव्हता. ओळीने अठ्ठावीस सामने तो हरला होता.

माझा भाचा डेट्रॉईटच्या उपनगरात मोटारींच्या आराखड्यांचे काम करतो. पुण्याहून गेलेल्या अभियंत्यांची त्या भागात मोठी वस्ती आहे, आणि कारखान्याच्या ओढीने गेलेली ही माणसे हळूहळू त्या गावाच्या सुखदुःखात मुरून गेली आहेत. त्या डिसेंबरात तो आपल्या दोन मुलांना घेऊन एका सामन्याला गेला होता. प्रेक्षकांतून 'संघ विकून टाका' अशा घोषणा मालकाला उद्देशून उठत होत्या, पुष्कळ खुर्च्या सामना संपण्यापूर्वीच रिकाम्या झाल्या होत्या, आणि धाकटीने बापाला विचारले, की हे लोक मुद्दाम हरतात का? "मामा, त्या प्रश्नाला मला चटकन नाही म्हणता आले नाही," असे त्याने मला दूरध्वनीवर सांगितले. आजच्या लेखाचे प्रयोजन हाच प्रश्न आहे, कारण एका आठ वर्षांच्या मुलीला जी शंका आली ती त्या देशाच्या साऱ्या व्यावसायिक बास्केटबॉलला गेली कित्येक वर्षे ग्रासून राहिली आहे.

ज्या संघाची ही अवस्था झाली होती त्याचे कुलशील सामान्य नाही. फ्रेड झोलनर नावाच्या कारखानदाराने १९४१ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी तो स्थापिला. झोलनरांच्या कारखान्यात इंजिनांचे पिस्टन तयार होत, म्हणून संघाचे नाव पिस्टन्स; आपल्याकडे गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे कबड्डीसंघ ज्या रीतीने उभे राहिले, तसाच हा एका कारखान्याचा संघ. १९५७ साली तो डेट्रॉईटला आला. मोटारींच्या राजधानीत पिस्टन या नावाला वेगळे स्पष्टीकरण लागले नाही. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे, आणि पुढे २००४ साली, त्याने अजिंक्यपद मिळविले. त्या तिन्ही वेळच्या संघांची ख्याती बचावासाठी होती, अंग झोकून देण्यासाठी होती, आणि पाळीवर जाणाऱ्या कामगाराला त्यांच्या खेळात आपल्या स्वतःच्या श्रमाचे रूप दिसत असे.

शहराची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. १९५० साली साडेअठरा लाखांची वस्ती असलेले हे नगर मोटारधंद्याच्या उतरत्या काळात ओसरत ओसरत २०१३ साली दिवाळखोरीच्या दरखास्तीपर्यंत येऊन पोहोचले. देणे अंदाजे अठराशे कोटी डॉलरांचे होते. त्या वेळी सावकारांची दृष्टी शहराच्या कलासंग्रहालयाकडे वळली होती. त्याच संग्रहालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ साली तेथील मोटारकारखान्याची आणि त्यात राबणाऱ्या हातांची भव्य चित्रे रंगविलेली आहेत. संग्रहातील चित्रे लिलावात काढून देणी फेडावीत असा आग्रह झाला, आणि तो मोडून काढण्यासाठी धर्मादाय संस्थांनी, राज्य सरकारने आणि देणगीदारांनी मिळून द्रव्य उभे केले. चित्रे जागेवर राहिली. कर्ज फेडावयाचे, परंतु ज्यामुळे हे शहर शहर आहे ती वस्तू विकावयाची नाही, एवढा विवेक त्या नगरीने अत्यंत बिकट प्रसंगी दाखविला. हा प्रसंग मी सहज सांगत नाही. संघाच्या पुनर्रचनेचा विचार करताना तो मला वारंवार आठवतो.

पुनर्रचना या शब्दाला अमेरिकन बास्केटबॉलमध्ये एक विशिष्ट अर्थ प्राप्त झाला आहे, आणि तो समजण्यासाठी तेथील कायदा थोडक्यात सांगितला पाहिजे. दरवर्षी महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या नवोदित खेळाडूंची वाटणी संघांमध्ये एका ठराविक क्रमाने होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्याला आधी निवडू द्यावे म्हणजे स्पर्धेत समतोल राहील, हा मूळ हेतू न्याय्यच होता. परंतु शेवटच्या क्रमांकाला पहिली निवड मिळते असे दिसताच शेवटचा क्रमांक मिळविण्याचीच खटपट सुरू झाली, आणि तिला पायबंद घालण्यासाठी १९८५ सालापासून सोडत आली. एका यंत्रात चौदा चेंडू फिरतात, त्यांतून चार निघतात, त्यांच्या एक हजार एक जोडण्या संभवतात आणि एक सोडून बाकीच्या हजार जोडण्या बाद फेरीत न पोहोचलेल्या चौदा संघांत वाटून दिलेल्या असतात. २०१९ पासून सर्वांत निकृष्ट तीन संघांना प्रत्येकी एकशेचाळीस जोडण्या मिळतात. म्हणजे पहिल्या निवडीची शक्यता शेकडा चौदा. शेवटून पहिला आलेला संघ पाचव्या निवडीच्या खाली घसरू शकत नाही, एवढीच त्याला हमी.

आता पिस्टन्सचा जमाखर्च पाहा. २०२१ साली पहिल्या निवडीचे भाग्य त्यांना लाभले आणि केड कनिंगहॅम हा उंच, शांत, चेंडू हातात असताना साऱ्या मैदानाचा अंदाज घेणारा तरुण त्यांनी घेतला. २०२२-२३ च्या हंगामात तो नडगीच्या दुखण्यामुळे अवघे बारा सामने खेळला आणि संघाने ब्याऐंशीपैकी सतराच सामने जिंकले. सगळ्या स्पर्धेत शेवटचा क्रमांक. त्या वर्षीच्या सोडतीत व्हिक्टर वेंबान्यामा हा असामान्य फ्रेंच खेळाडू होता. सोडत निघाली, तो सॅन अँटोनिओला गेला आणि पिस्टन्सच्या वाट्याला पाचवी निवड आली. पुढच्या हंगामात विजय चौदा, पुन्हा शेवटचा क्रमांक, पुन्हा सोडत, आणि पुन्हा पाचवी निवड. दोन वर्षांत एकशेचौसष्ट सामने खेळून एकशेतेहतीस पराभव ज्यांनी सोसले, त्यांना कायद्याने जेवढे कमीत कमी देता येते तेवढेच दोन्ही वेळा मिळाले. पराभव हे भांडवल आहे आणि ते साठवून ठेवले म्हणजे उद्या व्याजासह वसूल होते, असे मानणाऱ्या कारभाऱ्यांनी हा ताळेबंद समोर ठेवावा.

या सिद्धान्ताचा सर्वांत निर्भीड प्रयोग फिलाडेल्फियात झाला. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत त्या संघाने दोनशेसेहेचाळीस सामन्यांपैकी सत्तेचाळीस जिंकले, आणि तो प्रकार एका दूरदर्शी योजनेचा भाग आहे असे तेथील कारभाऱ्यांनी तात्त्विक आवेशाने प्रतिपादिले. त्या योजनेतून जोएल एम्बीड हा मोठा खेळाडू लाभला हे नाकारता येत नाही. २०२३ साली स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला. परंतु तो संघ तेव्हापासून बाद फेरीचा दुसरा टप्पा एकदाही ओलांडू शकलेला नाही. याउलट ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण कोणी पुढे करील. त्यांनीही दोन हंगाम बावीस आणि चोवीस विजयांवर काढले आणि २०२५ च्या जून महिन्यात ते अजिंक्य झाले. मला ते मान्य आहे. मात्र त्यांचा कर्णधारासमान खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर सोडतीतून आलेला नसून २०१९ च्या अदलाबदलीत लॉस अँजेलिसहून आला होता, त्यांचा कणखर बचावपटू लू डॉर्ट याला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते, आणि चोवीस विजयांच्या हंगामानंतर त्यांनी प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांना बडतर्फ केले नाही. त्यांना फळ मिळाले ते या चिकाटीचे होते, आणि पराभवांची संख्या मोजणाऱ्याला ते वहीत सापडत नाही.

आणि दूर कशाला जावे? पिस्टन्सच्याच दप्तरात याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. २००३ साली त्यांना दुसरी निवड मिळाली होती. त्यांच्यामागून कारमेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे पुढे थोर ठरलेले तीन खेळाडू निवडले गेले. पिस्टन्सनी त्या तिघांना सोडून डार्को मिलिचिच या सर्बियन युवकाला घेतले, आणि त्याचा उपयोग संघाला जवळजवळ झालाच नाही. इतकी मोठी चूक होऊनही दुसऱ्याच वर्षी हा संघ अजिंक्य ठरला! शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या लॉस अँजेलिसला त्याने चार विरुद्ध एक असे नमविले. त्या संघाचा आधारस्तंभ बेन वॉलेस याला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने पुकारले नव्हते; चॉन्सी बिलप्स चार-पाच संघांचे उंबरे झिजवून तेथे आला होता आणि अंतिम लढतीचा मानकरी तोच ठरला; टेशॉन प्रिन्स तेविसाव्या क्रमांकाची निवड होता. इतरांनी टाकलेल्या, अर्धवट पारखलेल्या या माणसांना एकत्र आणून एकमेकांसाठी धावावयास लावणे, ही त्या वेळची पुनर्रचना होती, आणि तिच्यात एकही हंगाम फुकट घालविण्याची तजवीज नव्हती.

सलग पराभवांच्या त्या काळ्या डिसेंबरात कनिंगहॅमने काय केले, ते मी विशेष आदराने सांगतो. ब्रुकलिनविरुद्धच्या सत्ताविसाव्या पराभवात त्याने एकट्याने एक्केचाळीस गुण केले. एका हंगामातील सलग पराभवांचा उच्चांक त्या रात्री पिस्टन्सच्या नावावर लागला, आणि तरी शेवटच्या मिनिटापर्यंत तो तरुण चेंडूमागे धावत होता. दोन दिवसांनी बॉस्टनच्या मैदानावर, त्या वर्षीच्या सर्वांत बलाढ्य संघाला, पिस्टन्सनी जादा वेळेपर्यंत झुंजविले आणि १२२-१२८ असा सामना गमावला. टोरांटोविरुद्ध कनिंगहॅमचे तीस गुण आणि बारा असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, होते. 'हे लोक मुद्दाम हरतात का' या माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला या तीन सामन्यांवरून दिले असते. मैदानावरचा खेळाडू मुद्दाम हरत नाही. त्याच्या तारुण्याची वर्षे मोजकी असतात, आणि कचेरीत बसून त्यांतील दोन-तीन वर्षे परस्पर खर्ची टाकण्याचा अधिकार कोणालाही नसावा असे माझे स्पष्ट मत आहे.

परिवर्तन झाले ते २०२४ च्या उन्हाळ्यात. सहा वर्षांसाठी पावणेआठ कोटी डॉलरांहून अधिक वेतनाचा करार करून आणलेल्या प्रशिक्षकांना एका वर्षात निरोप देण्यात आला, ट्रेजन लँगडन यांच्याकडे संघाचा कारभार सोपविण्यात आला, आणि क्लीव्हलँडने नुकतेच दूर केलेले जे. बी. बिकरस्टाफ यांची प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. कनिंगहॅमशी पाच वर्षांचा, बावीस कोटी चाळीस लाख डॉलरांचा करारनामा झाला. चौदा विजयांच्या संघातील खेळाडूवर एवढा विश्वास टाकणे हे त्या वेळी अनेकांना धाडसाचे वाटले. याखेरीज जी गोष्ट झाली तिची वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तीच निर्णायक ठरली: टोबायस हॅरिस, टिम हार्डवे धाकटे आणि मलिक बीझली असे तीन अनुभवी, दूरवरून अचूक फेक करणारे खेळाडू आणण्यात आले. हॅरिस तर पूर्वी याच संघात होता आणि २०१८ साली दुसरीकडे पाठविला गेला होता.

या तिघांनी नेमके काय केले हे खेळाच्या अंगाने समजून घेण्याजोगे आहे. पूर्वी कनिंगहॅम चेंडू घेऊन बास्केटकडे शिरला, की दोन-दोन, तीन-तीन प्रतिस्पर्धी त्याच्याभोवती कोंडाळे करीत, कारण बाहेर उभे असलेले पिस्टन्सचे सहकारी तीन गुणांची फेक टाकतील अशी भीती कोणालाच वाटत नसे. हार्डवे कोपऱ्यात आणि बीझली कमानीवर उभा राहू लागला तेव्हा त्यांच्यावरून नजर काढणे महाग पडू लागले. बचाव करणारा एकेक माणूस दोन पावले बाहेर सरकला आणि त्या दोन पावलांच्या मोकळ्या वाटेतून कनिंगहॅमला बास्केट दिसू लागले. त्या हंगामात त्याने सामन्याला सरासरी सव्वीस गुण आणि नऊ असिस्ट केले. जेलन डुरेनला बास्केटखाली मोकळे पास मिळू लागले, आणि ऑसार थॉम्पसन, ज्याचे आदल्या वर्षीचे खेळणे रक्ताच्या गुठळीच्या दुखण्यामुळे थांबले होते, तो परतून प्रतिपक्षाच्या उत्तमोत्तम खेळाडूंना अडवू लागला. २०२५ च्या पहिल्याच दिवशी जेडन आयव्ही या गुणी खेळाडूचा पाय मोडला. तरीही संघ कोलमडला नाही. हंगामअखेर चव्वेचाळीस विजय, अडतीस पराभव. म्हणजे चौदाच्या तिपटीहून अधिक.

बाद फेरीत गाठ पडली न्यूयॉर्कशी. २१ एप्रिलला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिस्टन्सनी १००-९४ असा विजय मिळविला आणि बाद फेरीतील ओळीने पंधरा पराभवांची, २००८ पासून चालत आलेली नामुष्की संपली. चौथा सामना डेट्रॉईटमध्ये होता. न्यूयॉर्क एका गुणाने पुढे, घड्याळात काही क्षण उरलेले. कनिंगहॅमची फेक हुकली, चेंडू गर्दीतून निसटून कोपऱ्यातल्या हार्डवेच्या हाती आला, त्याने उडी घेतली, आणि न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर येऊन आदळला. फेक हुकली. शिट्टी वाजली नाही. ९३-९४. सामना संपल्यावर मुख्य पंचांनीच मान्य केले, की तो फाउल द्यावयास हवा होता. दिला असता तर हार्डवेला तीन फेकी मिळाल्या असत्या. कबुली प्रामाणिक होती, परंतु गुणफलक बदलला नाही. पाचवा सामना पिस्टन्सनी न्यूयॉर्कमध्ये जिंकला, आणि सहाव्यात, पुन्हा स्वतःच्या मैदानावर, न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनने अखेरच्या काही सेकंदांत टाकलेल्या तीन गुणांच्या फेकीने ते ११३-११६ असे बाहेर पडले. माझा भाचा तेव्हा मुलांसह तेथे होता. या खेपेस सामना संपल्यावरही लोक जागचे हलले नाहीत, उभे राहून टाळ्या वाजवीत राहिले, असे त्याने कळविले.

हे लिहिताना २०२५-२६ चा हंगाम तोंडावर आला आहे आणि पिस्टन्सच्या कारभाऱ्यांपुढे पूर्वीपेक्षा अवघड परीक्षा उभी आहे. तळाशी असलेल्या संघाला सगळे संयमाचा उपदेश करतात. वर येऊ लागलेल्या संघाला मात्र सगळे घाई करावयास लावतात. डुरेन, थॉम्पसन, रॉन हॉलंड या तरुण खेळाडूंपैकी दोघांना देऊन एखादा नामांकित तारा घ्या, अशा सूचना येऊ लागल्या आहेत, आणि न्यूयॉर्कने आपल्याला एकेका फेकीने हरविले, तेव्हा एका माणसाचीच काय ती उणीव आहे, हा हिशेब मोहात पाडणाराही आहे. तो मोह आवरावा असे मी आग्रहाने म्हणेन. ही मुले जे पराभव एकत्र भोगून आली आहेत त्यांतून त्यांच्यामध्ये जो परस्परविश्वास निर्माण झाला, तो कोणत्याही अदलाबदलीत विकत मिळणार नाही. सावकार दाराशी असताना संग्रहालयाची चित्रे न विकणाऱ्या गावाला हे पटावे. हार्डवे आणि बीझली आता संघात नाहीत. त्यांच्या जागी डंकन रॉबिन्सन आणि कॅरिस लव्हर्ट आले आहेत. दोघेही मिशिगनच्याच विद्यापीठात खेळलेले, दोघेही बाहेरून मारा करू शकणारे. म्हणजे मोकळी वाट मोकळीच ठेवण्याची तजवीज झालेली दिसते, आणि ती मला मोठ्या तारांकित नावापेक्षा अधिक मोलाची वाटते.

समजा, यंदा विजय चव्वेचाळीसवरून चाळीसवर आले, तरी बिकरस्टाफ यांना हात लावू नये. तसेच सोडतीचे नियम करणाऱ्यांनीही एकदा ठरवावे, की एका हंगामातील पराभवांना एवढे वजन का द्यावयाचे. तीन वर्षांची सरासरी धरली तर निदान मार्च-एप्रिलमध्ये धडधाकट खेळाडूंना बाकावर बसविण्याचा शिरस्ता कमी होईल. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला त्या रात्री जिंकण्याचा मनापासून प्रयत्न पाहावयास मिळाला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे, आणि तो उद्याच्या आशेवर तहकूब ठेवता येत नाही.

माझ्या मनात मात्र एक वेगळीच गोष्ट घोळत असते. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत पिस्टन्सनी आपल्या घरच्या मैदानावर बाद फेरीतील शेवटचा सामना जिंकला होता तो २००८ च्या २६ मे रोजी, बॉस्टनविरुद्ध, ऑबर्न हिल्स येथील 'पॅलेस'मध्ये. संघ २०१७ साली शहराच्या मध्यभागी परतला आणि तो 'पॅलेस' पुढे पाडून टाकण्यात आला. ज्या लाकडी तक्तपोशीवर तो विजय मिळाला ती आज जागेवर नाही. नव्या क्रीडागारात तोवर बाद फेरीचे पाच सामने झाले होते, पाचही पिस्टन्स हरले. त्या २००८ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटमध्ये जन्मलेली मुले २०२५ साली सतरा वर्षांची झाली. माझ्या भाच्याने एप्रिल महिन्यासाठी आताच थोडे पैसे बाजूला टाकावयास सुरुवात केली आहे, कारण धाकटीला त्याने तिकिटाचा शब्द दिला आहे.